पाठ टेकायची जागा

उन्हाळ्यात माणसांचे काय हाल होतात याची पाहणी करायला आमच्या संस्थेचा एक छापील फॉर्म आहे. त्यात त्रेपन्न प्रश्न आहेत. बावन्न मी तयार केलेत आणि ते कुणाच्याही लक्षात राहत नाहीत. पहिला मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. 'दुपारी पाठ कुठे टेकता?' आता दुसऱ्या शहरांत काम करणारी माणसं आम्हाला पत्र पाठवून हा प्रश्न वापरायची परवानगी मागतात आणि भेटली की म्हणतात, मॅडम, किती साधा प्रश्न, कसा सुचला हो तुम्हाला? मी हसते. त्या हसण्याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा.

तो मला सुचलेला नाही. तो भीमराव खंडारे यांचा प्रश्न आहे. मी एवढंच केलं, की त्यांच्या 'कुठी'चं 'कुठे' केलं.

खंडारेंचा मला हेवा वाटायचा. आदर, कौतुक, ऋण हे शब्द मी भाषणात वापरले आहेत, ते काही अगदीच खोटे नव्हते. पण एखाद्या माणसाचं नाव निघालं की आपण विषय बदलतो, ते काही आदरामुळे नव्हे.

आमचं कार्यालय अमरावतीत, दोन खोल्यांचं. शहरं तापतात, तुंबतात, कोरडी पडतात. त्यावर त्यांनी काय करावं याचे आराखडे करून देणं हे आमचं काम. अकोल्याच्या उन्हाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी पुण्याची नोकरी सोडून नुकतीच घरी परतले होते. वडील अमरावतीतले जुने वकील. मी नक्की काय करते ते त्यांना कधी पटलं नाही. उन्हाचा आराखडा करते म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं होतं, म्हणजे सूर्याला नोटीस काढणार का? तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. पहिल्या पानावर माझं नाव असलेलं एक जाडजूड पुस्तक, आणि ते त्यांच्या टेबलावर, कायद्याच्या पुस्तकांच्या शेजारी. बाकी हवामान, शाश्वत विकास वगैरे सगळं त्यानंतर.

खंडारे दर्यापूरकडचे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं त्यांचं गाव. तिथे विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. तीस वर्षं त्यांनी एका गावच्या पाणीपुरवठ्यात वॉलमनची नोकरी केली होती. म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून गल्लीगल्लीचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं. निवृत्त झाल्यावर आमची संस्था चालवणाऱ्या राऊत सरांनी त्यांना 'क्षेत्र सहायक' म्हणून घेतलं. नोकरीतली चावी सरकारजमा झाली, तर या गृहस्थाने लोहाराकडून स्वतःसाठी तशीच एक करून घेतली. कमरेएवढी, वर आडवी मूठ. ती टेकत चालायचे, तिने कुत्री हाकलायचे, तिला पिशवी अडकवायचे. माझ्यादेखत त्यांनी तिने एकही वॉल्व्ह उघडला नाही.

मूर्ती ठेंगणी, भुवया पांढऱ्याशुभ्र, भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा आकाशी शर्ट, डोक्याला दुपट्टा आणि डाव्या खिशात कांदा. संध्याकाळी तो कांदा काढून हुंगायचे आणि आजचं ऊन कालच्यापेक्षा कमी होतं की जास्त ते सांगायचे. माझ्या गळ्यात तापमान मोजायचं यंत्र असायचं. लोक कांद्याकडे बघायचे.

पाण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. कुठल्याही दारात गेले की आधी पाणी मागायचे. पहिला घोट चूळ भरून टाकायचे, दुसरा जिभेवर घोळवायचे, तिसरा गिळायचे. मग सांगायचे, हे नळाचं नाही, हे त्या अमक्या बोअरचं, आणि तीन वर्षांपूर्वी एवढं खारट नव्हतं. घरची बाई तोंडात बोट घालायची. मी पाण्याच्या बाटल्या भरून तपासणीला पाठवायचे आणि पंधरा दिवसांनी तेच उत्तर इंग्रजीत यायचं. कुठल्या घरी जयभीम घालायचा, कुठल्या घरी रामराम आणि कुठल्या दारात सलाम, हे त्यांना उंबऱ्याआधी ठाऊक असायचं. माझ्याकडे सगळ्यांसाठी एकच नमस्कार होता.

पहिल्या पाहणीला आम्ही अकोल्याच्या एका वस्तीत गेलो. सगळी टिनाची घरं. मार्च संपत आला होता. मी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडून आलेली, हातात टॅब, टॅबमध्ये साठ प्रश्न. घरात माणसं किती, पंखे किती, चक्कर येते का, येत असल्यास आठवड्यातून किती वेळा. बायका दारात उभ्या राहून भराभर उत्तरं द्यायच्या. चक्कर येते का? हो. झोप लागते का? हो. उन्हाचा त्रास होतो का? नाही. एकीला मी विचारलं, उष्णतेला तोंड देण्यासाठी कुटुंब कोणत्या उपाययोजना करतं? तिने आत वळून नवऱ्याला विचारलं, ह्या बाई घरकुलाच्या हायत काय?

दुपारी एकला मी घामाघूम होऊन खंडारेंना शोधायला निघाले, तर हे एका म्हाताऱ्या बाईच्या दाराशी सावलीत बसलेले. तिला सगळे गोदामाय म्हणत. सत्तरी ओलांडलेली, एकटीच राहायची. यांनी पाण्याचं सगळं नाटक करून झालं होतं आणि आता गप्पा चालल्या होत्या. मी पोचले तेव्हा ते विचारत होते, "माय, दुपारी पाठ कुठी टेकता?"

"दवाखान्यात," गोदामाय म्हणाली.

मला वाटलं आजारी असेल. पण तसं नव्हतं. ती रोज अकराला सरकारी दवाखान्यात जायची, चिठ्ठी काढायची, नंबर लावायची आणि आतल्या गार फरशीवर भिंतीला टेकून बसायची. नंबर जवळ आला की मागे सरकायची. चारला घरी. कधी डॉक्टरने गाठलंच तर सांगायची, पाठ दुखते.

तेवढ्यात शेजारचे चारपाच जण गोळा झाले. मग जो तो आपलं सांगायला लागला. कुणी मारुतीच्या देवळात, कुणी विहारात, कुणी उड्डाणपुलाखाली. एक हमाल बँकेच्या पैसे काढायच्या खोलीत दार लोटून पंधरा मिनिटं उभ्याउभ्या टेकायचा. एक जण उभ्या ट्रकखाली. साठ प्रश्नांनी मला जे मिळालं नव्हतं ते एका प्रश्नाने अर्ध्या तासात मिळालं. कडेला एक तरुण सून उभी होती, पोर कडेवर घेऊन. खंडारेंनी तिलाही विचारलं. ती म्हणाली, "पाठ? टेकतच नाई." सगळे हसले. खंडारे हसले नाहीत. त्यांनी वही काढली आणि तिच्या नावापुढे लिहिलं, टेकत नाई. पुढे आम्ही वस्त्यावस्त्यांत फिरलो तेव्हा बायकांकडून हेच उत्तर जास्त ऐकू आलं.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते, की हे काही शास्त्र नव्हे.

असं प्रत्येक वेळी व्हायचं. मी उपग्रहाच्या चित्रावरून शहरातल्या सावलीचा नकाशा केला. हिरवे ठिपके, मोठे सुबक. खंडारे तो नकाशा घेऊन चार दिवस फिरले आणि अर्ध्या ठिपक्यांवर फुल्या मारून आणला. मी तडकून विचारलं, झाडं तोडली का तिथली? तर म्हणाले, "झाडं हायेत, मॅडम. पन सावलीले मालक हाये. त्याले विचारलं काय?" आणि खरंच, एका मोठ्या कडुलिंबाखाली दुकानदार रोज दुपारी बादलीभर पाणी ओतून ठेवायचा, कुणी बसू नये म्हणून. उपग्रहाला ते कसं दिसणार? आणि मला तरी कसं दिसलं नाही?

मग ती टिनाखालची बैठक. महिनाभर मी महापालिकेच्या अधिकाऱ्यांपुढे चाळीस पानांचं सादरीकरण करत होते. थंड सभागृह, चहा, बिस्किटं. सगळे माना डोलवायचे आणि निधीचं बघू म्हणायचे. एकदा राऊत सरांनी खंडारेंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, पुढची बैठक दुपारी दोनला गोदामायच्या घरी घ्या. मी हसले. राऊत सर हसले नाहीत, हीच माझी पंचाईत.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सहा अधिकारी, राऊत सर आणि मी त्या दहा बाय बाराच्या खोलीत सतरंजीवर. दाराशी खंडारे उभे, येणाऱ्याच्या हातात एकेक कांदा देत. मोठ्या साहेबांनीही घेतला, कुठे ठेवावा ते न कळून खिशात घातला. वर टिन तडतडत होतं. पंखा होता, तो वरची गरम हवा खाली ढकलत होता. कुणीच काही मांडलं नाही. खंडारेंनी फक्त गोदामायला सांगितलं, माय, तुमी रोज काय करता ते साहेबाले सांगा. ती सांगू लागली. वीस मिनिटांनी मोठे साहेब उठले, बाहेर येऊन भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, कागद पाठवा, मी सही करतो. पुढच्या वर्षापासून वस्तीजवळच्या समाजमंदिरात उन्हाळ्यापुरतं 'गारवा केंद्र' काढायचं ठरलं. रोज अकरा ते पाच, कूलर, सतरंज्या, माठ, कुणीही यावं आणि पाठ टेकावी.

माझ्या चाळीस पानांना जे जमलं नाही ते एका टिनाने आणि सहा कांद्यांनी केलं. सगळ्यांनी खंडारेंचं कौतुक केलं. मीही केलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण एकदा काही कागद द्यायला खंडारे आमच्या घरी आले. आईने पाणी कुठल्या भांड्यात द्यावं याचा क्षणभर विचार केला. मी तो पाहिला, खंडारेंनीही पाहिला असणार. मग तिने आमच्या नेहमीच्या फुलपात्रात पाणी दिलं आणि यांनी दिवाणखान्यात बसून तेच तीन घोटांचं चालू केलं. चूळ भरायला अंगणात गेले. परत येऊन वडिलांना म्हणाले, वकीलसाहेब, तुमच्या बोअरले नाल्याचं पाणी लागून राहिलं, वरचा पाइप फुटला असन. वडील एकदम सरसावून बसले. मग विहिरीच्या हक्काचा त्यांनी तरुणपणी लढवलेला एक खटला निघाला, त्यावर खंडारेंनी त्यांच्या गावातलं भांडण सांगितलं, आणि दीड तास दोघे बोलत होते. मी आत पोहे करत होते. इतक्या वर्षांत वडिलांनी माझ्याशी माझ्या कामाबद्दल दीड तास काढला नव्हता. पाइप फुटलेला निघाला. त्यानंतर मी अकोल्याहून आले की वडील विचारायचे, "खंडारे पुन्हा कधी येणार आहेत?"

त्याच पावसाळ्यानंतर नागपुरात एक मोठी सभा होती. निरनिराळ्या शहरांत आमच्यासारखं काम करणारी माणसं आली होती. माझं बोलणं होतं. मी बोलले, आणि चांगलं बोलले. पाठ टेकायच्या जागांचा नकाशा पडद्यावर आला तेव्हा लोक फोन वर करून त्याचे फोटो काढू लागले. नंतर पहिल्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, हा प्रश्न कुणाला सुचला?

खंडारे शेवटच्या रांगेत होते. राऊत सर त्यांना मुद्दाम घेऊन आले होते. नवीन शर्ट घातला होता, चावी मात्र सोबत होतीच. मी त्यांना पाहिलं आणि म्हणाले, "वस्तीत काम करता करता सुचला."

बोलताना कर्ता गाळता येतो, ही किती सोयीची गोष्ट आहे. टाळ्या झाल्या. खंडारेंनीही वाजवल्या, चावी मांडीवर आडवी ठेवून, दोन्ही हातांनी.

परतीच्या गाडीत ते माझ्यासमोर बसले होते. ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. माझं उत्तर तयार होतं: संस्थेचं काम आहे, कुणा एकाचं नव्हे. वर्धा गेलं, धामणगाव गेलं. त्यांनी खिशातून फुटाण्यांची पुडी काढून माझ्यापुढे धरली. म्हणाले, घ्या मॅडम, बोलून बोलून घसा सुकला असन. मी नको म्हटलं. ते बडनेऱ्यापर्यंत फुटाणे खात राहिले. त्या दिवसापासून खंडारे मला नुसते खुपत नव्हते, त्यांचा राग येऊ लागला. आपण ज्याचं घेतलं त्याच्यावरच चिडायचं, हा काय प्रकार आहे कुणास ठाऊक, पण माझ्या बाबतीत तो घडला.

म्हणूनच कूलरचं ते प्रकरण झालं.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये गारवा केंद्राची तयारी सुरू झाली. कूलरला पाणी कुठलं घ्यायचं यावर बैठक होती. समाजमंदिराच्या आवारात बोअर होतंच. खंडारेंनी तिथलं पाणी चाखलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडम, याच्यावर कूलर आठ दिवस चालन. मंग ताट्या दगड होतीन."

मी तपासणीचा अहवाल पुढे केला. पाणी चालण्यासारखं होतं.

"तो पेयाचा हाये," ते म्हणाले. "मानूस पितो अन् मोकळा होते. कूलर पानी उडवते अन् खार ठेवते. रोजचा थोडा थोडा."

हे इतकं सरळ होतं, की ते मला सुचायला हवं होतं. मी पुण्यात दोन वर्षं शिकलेली, खारपाणपट्ट्याच्या काठावर काम करणारी. पण ते आधी त्यांच्या तोंडून आलं, आणि तेही सगळ्यांदेखत. मी म्हणाले, आपण अहवालाप्रमाणे जाऊ. खंडारे म्हणाले, पाहू. हा त्यांचा नेहमीचा शब्द. भांडण टाळायचं असलं की पाहू.

निधी यायला वेळ लागला आणि केंद्र मेच्या मध्याला सुरू झालं. पहिले काही दिवस गोदामायसकट पंचवीसतीस माणसं यायची. मे अखेर आली, नवतपाचे ते नऊ दिवस, जेव्हा सकाळी आठलाच डोळे दिपतात. नेमकं तेव्हाच वरून पाहणीसाठी पथक येणार होतं. केंद्र पसंत पडलं तर आराखडा छापून निघणार होता. म्हणजे माझं पुस्तक.

मी सकाळी नऊला पोचले. कूलर चालू केले, तर तिन्हींतून भट्टीची हवा. मागे जाऊन पाहिलं. वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा थर, हाताने दाबला तरी हलेना. ओलावा आत शिरतच नव्हता. मी तिथेच बादलीवर बसले. बारा वाजता पथक, अकरा वाजता म्हातारी माणसं. या उन्हात त्यांना परत कुठे पाठवणार? माझ्या अहवालाच्या हट्टापायी कुणाचा जीव गेला असता. हे मला तेव्हा सुचलं का? खरं सांगायचं तर आधी पुस्तक सुचलं, मग जीव.

तेवढ्यात फाटकाशी मालवाहू ऑटो थांबला. खंडारे उतरले. मागे पाण्याचे चार ड्रम, वर नव्या ताट्यांची चवड. दोन गल्ल्या पलीकडे एक जुनी गोड्या पाण्याची विहीर होती. तिच्या मालकाशी ते मार्चपासूनच बोलून ठेवून होते. 'पाहू' म्हणजे हे होतं.

ते मला एका शब्दाने बोलले असते तर माझी सुटका झाली असती. त्यांनी पाना माझ्या हातात दिला, स्वतः जुन्या ताट्या ओढून काढू लागले आणि म्हणाले, "लावा लवकर, मॅडम. गोदामाय येऊन राहिली."

आम्ही दोघांनी तिन्ही कूलर लावले. अकराला हवा गार झाली. बाराला पथक आलं, सतरंज्यांवर निवांत पडलेली माणसं पाहून खूश झालं. गोड्या विहिरीचं पाणी पाहून तर मुख्य बाई म्हणाल्या, जुन्या विहिरीशी केंद्र जोडायची कल्पना फारच छान, कुणाची?

या वेळी मी नाव घेतलं. हो, घेतलं. कसं घेतलं तेही सांगते. म्हणाले, "यात आमचे क्षेत्र सहायक श्री. खंडारे यांचीही मदत झाली." त्या 'ही'ने माझं नाव पहिलं ठेवलं आणि त्यांचं मागे. त्यांनी ते ऐकलं नाही. रिकामे ड्रम परत करायला ते विहिरीवर गेले होते, कारण मालकाला बाराचा शब्द दिला होता.

पुस्तक निघालं. पहिल्या पानावर माझं नाव. आभाराच्या पानावर, शेवटच्या ओळीत, झेरॉक्सवाल्याच्या आधी, श्री. भी. खंडारे. मी ते वडिलांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी संध्याकाळी चष्मा पुसून ते उघडलं, मागचा फॉर्म काढला आणि पहिला प्रश्न दोनदा वाचला. मग म्हणाले, "हा प्रश्न त्या खंडारेंचा दिसतो." मी विचारलं, कशावरून? ते म्हणाले, जन्मभर साक्षी तपासल्या आहेत, कुणाचं बोलणं कुणाचं ते कळतं. पुस्तक त्यांनी कायद्याच्या पुस्तकांशेजारीच ठेवलं. अजूनही तिथेच आहे. मी त्या खोलीत गेले की तिकडे बघत नाही.

त्यानंतर वर्षाभरात खंडारे काम सोडून गावी गेले. गुडघे दुखतात, गाडीचा प्रवास झेपत नाही, एवढंच सांगितलं. निरोपाला मी पेन दिलं. त्यांनी मला कांदा दिला, खिशातला, आणि सगळे हसले.

गेल्या मे महिन्यात दर्यापूर तालुक्यात पाहणी होती. फॉर्म भरायचं काम गावोगावच्या आशाताई करत होत्या. मी सोबत फिरत होते. एका गावी दुपारी दीडला मी आणि शेजारच्या गावच्या आशाताई जीपची वाट पाहत विहाराच्या ओट्यावर चढलो. सिमेंटचा लांब ओटा, वर पत्रा, पण पत्र्याखाली तुराट्यांचा जाड थर घातलेला, आणि विहाराची भिंत सोडून तिन्ही बाजूंना ओली पोती. आत पंधरावीस माणसं आडवी. ती व्यवस्था पाहिल्याबरोबर मला कळलं. कोपऱ्यात भिंतीला टेकून ते बसले होते. भुवया तेवढ्याच पांढऱ्या, चावी उशाशी.

मी पुढे व्हायच्या आत आशाताई कामाला लागल्या. त्या मोठ्या मन लावून काम करणाऱ्या बाई. खंडारेंपाशी बसल्या, नाव विचारून लिहून घेतलं आणि फॉर्ममधून वाचलं, "बाबा, दुपारी पाठ कुठे टेकता?"

खंडारेंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे, मग माझ्याकडे. त्यांनी मला केव्हाच ओळखलं होतं. म्हणाले, "इथीच टेकतो. चांगला प्रश्न हाये ताई. कोनाचा व्हय?"

"मॅडमचा," आशाताईंनी माझ्याकडे हात केला.

"हो काय," ते म्हणाले. त्यात टोमणा होता का, हे मी नंतर कितीदा तरी मनात घोळवून पाहिलं आहे, त्यांच्या दुसऱ्या घोटासारखं. टोमणा नव्हता. मग ते जरा सरकले, दुपट्ट्याने बाजूची जागा झटकली आणि म्हणाले, "अन् मॅडमले विचारला काय कधी कोनी? या मॅडम. टेका."

एवढं बोलून त्यांनी दुपट्टा तोंडावर ओढला.

मी बसले. आशाताई दुसऱ्या प्रश्नावर येऊन थांबल्या होत्या. मी त्यांना म्हणाले, "ताई, तो पहिला प्रश्न माझा नाही. यांचा आहे."

आशाताईंनी फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. "मंग हे कुठी लिहू? त्याचा रकाना नाई."

मी खंडारेंकडे पाहिलं. नागपूरच्या त्या सभेपासून जे वाक्य मी टाळत आले होते ते मी अखेर बोलले होते, मोठ्याने, माणसांत. दुपट्टा संथ वरखाली होत होता. त्यांना झोप लागली होती. पुटपुटणं नाही, कूस बदलणं नाही, टेकल्या क्षणी लागलेली ती गाढ झोप. मला त्या झोपेचाही हेवा वाटला.

जीप साडेतीनला आली. तोवर मी त्यांनी झटकून दिलेल्या जागेवर बसून होते. भिंत मागे वीतभर अंतरावर होती. पाठ मात्र मी टेकली नाही.